गॅस संपत नाही, गळतो!

होळी झाली की आमच्या विदर्भात घरोघरी एकच लगबग सुरू होते. माळ्यावरचा कूलर खाली उतरवायचा, टाकी घासायची, काळ्या पडलेल्या ताट्या फेकून नव्या भरायच्या, पंप चालतो की नाही ते बघायचं. अलीकडे या यादीत आणखी एक काम वाढलंय, एसीवाल्याला फोन करणं. पूर्वी तालुक्याच्या गावात एसी म्हणजे बँकेत आणि फार तर एखाद्या डॉक्टरांच्या खोलीत. आता घरात म्हातारं माणूस असेल, नुकतीच बाळंत झालेली लेक माहेरी आलेली असेल, तर कर्ज काढून का होईना, एका खोलीत एसी बसतो. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी त्याला चैन म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात आमच्याकडे राहून बघावं!

तर मैत्रिणींनो, आजचा विषय एसीचा. मी बी. ए. झालेली बाई, विज्ञानाशी माझी दहावीतच फारकत झालेली. पण गेल्या वर्षभरात या एसीनं मला इतकं शिकवलं, की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यातला काही भाग आपल्या बिलाचा आहे आणि काही भाग कोणाच्या तरी जिवाचा.

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही गावातल्या ज्येष्ठांसाठी एक दिवसाचं केंद्र चालवतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. वीस-बावीस आजी-आजोबा येतात. वर्तमानपत्र, भजन, थोडा व्यायाम, दुपारचं जेवण आणि मग दोन तास आडवं होणं. हॉलला वर पत्र्याचं छत. उन्हाळ्यात तिथे बसवणं म्हणजे त्यांना तव्यावर बसवणं. २०२१ मध्ये नागपूरच्या एका कार्यालयानं आपले जुने एसी काढून नवे बसवले आणि त्यातले दोन आम्हाला दान दिले. आम्ही नारळ फोडून घेतले. धर्माची गाय, तिचे दात कोण मोजणार?

पहिली दोन वर्षं बरी गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात एक एसी नुसताच वारा फेकायला लागला. एसीवाल्या पोराला बोलावलं. पोरगाच तो, पंचविशीतला, आमच्याच बचत गटातल्या एका सुनेचा नवरा. तो म्हणाला, "काकू, गॅस संपला, भरून देतो." भरला, पैसे घेतले, एसी थंड झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तोच एसी, पुन्हा तीच तक्रार. या वेळी पैसे मात्र जास्त. म्हटलं, "अरे, वर्षात एवढा भाव वाढला?" तर म्हणाला, "काकू, हा बावीस नंबरचा गॅस आता बंद होऊन राह्यला. मिळतच नाही पहिल्यासारखा. नवा एसी घ्या, नाहीतर दरवर्षी असंच."

मी घरी येऊन दोन प्रश्नांवर विचार करत बसले. गॅस बंद होतोय म्हणजे नेमकं काय होतंय? आणि दरवर्षी गॅस संपतो कसा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते ऐकून मलाच माझी लाज वाटली. आमच्या ज्युनिअर कॉलेजातले फिजिक्सचे निवृत्त सर केंद्रात येतात. त्यांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "ताई, कूलरचं पाणी उडून जातं म्हणून तुम्ही रोज टाकी भरता. एसीचं तसं नाही. त्यातला गॅस बंद नळीत गोल गोल फिरत असतो. आत द्रवाची वाफ होते तेव्हा खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर जाऊन ती सोडतो, पुन्हा आत येतो. तो जळत नाही, खर्च होत नाही. दहा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे."

म्हणजे दोन वर्षं आम्ही फुटक्या माठात पाणी भरत होतो! माठ कोणी बघितलाच नाही. आणि पैसे मंडळाचे, म्हणजे पापड-लोणची विकून जमवलेले.

आता पहिला प्रश्न. हा बावीस नंबरचा गॅस म्हणजे आर-२२. तुमच्या एसीच्या बाहेरच्या खोक्यावर एक पत्र्याची किंवा कागदाची पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. एसी दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर बहुधा तिथे आर-२२ च सापडेल. आमच्या पट्टीवर आर-२२, ९६० ग्रॅम असं होतं. चार वर्षं तो खोका डोळ्यांसमोर होता, पण ती पट्टी मी कधी वाचली नव्हती. साडीचं लेबल वाचतो, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघतो, आणि हजारोंच्या यंत्राची पट्टी वाचत नाही.

या गॅसवर बंदी का आली, ती गोष्ट जुनी आहे. पूर्वी फ्रिजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांमध्ये सीएफसी नावाचे वायू असत. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हे वायू वर चढतात आणि सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवणारा ओझोनचा थर खातात. सुरुवातीला अनेकांनी, विशेषतः हे वायू बनवणाऱ्यांनी, ते मानलं नाही. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनला मोठं भगदाड पडल्याचं जाहीर झालं, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आज जगातले सगळे देश त्यात आहेत. एरवी जगातले देश कशावर एकमत होतात सांगा बरं!

सीएफसी गेले, त्यांच्या जागी जे तात्पुरते पाहुणे आले ते एचसीएफसी. आपला आर-२२ त्यांच्यातलाच. ओझोनला तो सीएफसीच्या मानानं खूपच कमी अपाय करतो, पण करतो. म्हणून तोही पायरी पायरीनं हटवायचं ठरलं. आपल्यासारख्या विकसनशील देशांना जास्त मुदत मिळाली. २००९ आणि २०१० या दोन वर्षांच्या सरासरीला पाया धरून २०१५ पर्यंत दहा टक्के कपात, २०२० पर्यंत पस्तीस टक्के, २०२५ मध्ये साडेसदुसष्ट टक्के आणि २०३० मध्ये जवळपास पूर्ण बंद. त्यानंतर २०४० पर्यंत फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा वापर चालेल. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात नवी यंत्रं बनवताना हे वायू वापरायला बंदी आहे.

मैत्रिणींनो, हे नीट समजून घ्या, कारण इथेच फसवाफसवी होते. बंदी नव्या यंत्रात हा गॅस घालण्यावर आहे. तुमच्या घरात आधीपासून असलेला एसी बेकायदा झालेला नाही. तो वापरायला बंदी नाही, दुरुस्त करायला नाही, त्यात आर-२२ भरायलाही नाही. गॅस दरवर्षी कमी येणार आणि भाव चढत जाणार, हे मात्र खरं. "सरकारनं बंद केलाय, आता हा भंगारातच" असं कोणी दारात येऊन सांगितलं, तर घाबरून लगेच पर्स उघडू नका.

मग करायचं काय? वर्षभर विचारपूस केल्यावर माझ्या लक्षात आलं, की तीन वाटा आहेत.

पहिली वाट, यंत्र ठणठणीत असेल तर गळती शोधून ती बंद करायची आणि त्याच्या पट्टीवर लिहिलेलाच गॅस, लिहिलेल्या वजनानं भरायचा. गळती शोधणं म्हणजे काही रॉकेट उडवणं नाही. नळीत नायट्रोजनचा दाब देतात आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावतात. जिथे बुडबुडे, तिथे गळती. आपण नवा सिलिंडर लावल्यावर रेग्युलेटरपाशी साबणाचं पाणी लावून बघतो ना, अगदी तसंच! मग सांधा पक्का करायचा, व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची आणि नंतरच काट्यावर मोजून गॅस भरायचा. या कामाला दीड-दोन तास तरी हवेत. वीस मिनिटांत नळी जोडून "झालं काकू" म्हणणाऱ्यानं फक्त गॅस भरला, दुरुस्ती केली नाही, हे ओळखावं.

दुसरी वाट म्हणजे त्याच यंत्रात दुसरा गॅस घालायचा. ऐकायला ही सगळ्यात सोपी वाटते आणि हीच सगळ्यात अवघड आहे. आर-२२ च्या यंत्रात जे तेल असतं ते नव्या बहुतेक गॅसांशी जमत नाही. आर-४१०ए नावाचा गॅस तर जुन्या गॅसच्या दीडपटीहून जास्त दाबावर चालतो. जुन्या नळ्या आणि जुना कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेलेच नाहीत. काही पर्यायी गॅस आहेत, पण त्यांच्यासाठी तेल बदला, फिल्टर बदला, आणि तरी थंडावा थोडा कमीच. एखाद्या मोठ्या हॉलच्या किंवा इस्पितळाच्या यंत्रणेला हा खर्च परवडतो, कारण तिथे सगळंच बदलायचं तर लाखोंत जातं. घरातल्या दीड टनाच्या एसीसाठी तो आतबट्ट्याचा व्यवहार.

तिसरी वाट, नवं यंत्र. त्याबद्दल पुढे बोलू. आधी दुसऱ्या वाटेवर जे घडलं ते सांगते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी बचत गटातली ती सून माझ्याकडे आली. दारातच रडायला लागली. तिचा नवरा, आमचा एसीवाला पोरगा, नागपूरच्या इस्पितळात होता. गावातल्या एका दुकानात तो एसी दुरुस्त करायला गेला होता. यंत्रावर पट्टी आर-२२ ची. आर-२२ सहजासहजी पेटत नाही, हे त्याला माहीत. नळीत उरलेला गॅस त्यानं तिथेच मोकळा सोडला आणि सांधा जोडायला ज्योत पेटवली. भडका उडाला. उजवा हात कोपरापर्यंत आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली.

नंतर कळलं ते असं. बावीस नंबरचा गॅस महाग झाला म्हणून आधीच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच कोणी मिस्त्रीनं त्या एसीत पेटणारा स्वस्त गॅस भरून दिला होता. थंडावा छान येत होता. मालक खूश, मिस्त्री खूश. पण यंत्रावर कोणी एक चिठ्ठीसुद्धा लावली नाही.

हा पेटणारा गॅस म्हणजे बहुधा आर-२९०, म्हणजेच प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचा सख्खा भाऊ. फरक एवढाच, की गळती लगेच कळावी म्हणून आपल्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. या गॅसला तसा वास नसतो. तो वाईट आहे असं मात्र माझं म्हणणं नाही. ओझोनला त्याच्यापासून काहीच अपाय नाही, पृथ्वी तापवण्यातही त्याचा वाटा नगण्य. त्याच्यासाठीच मुद्दाम बनवलेले एसी आपल्या देशात २०१२ पासून मिळतात. त्यात गॅस अगदी मोजका असतो, ठिणगी उडू नये अशी रचना असते आणि बसवणाऱ्याला वेगळं शिक्षण दिलेलं असतं. जो गॅस त्याच्या स्वतःच्या यंत्रात सुरक्षित, तोच दुसऱ्याच्या यंत्रात बॉम्ब. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये आपण कधी पेट्रोल घालतो का?

तो पोरगा वाचला. हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. दीड महिना घरात कमाई नव्हती. गटानं थोडं कर्ज दिलं, मंडळानं थोडं जमवलं. त्याची बायको मला म्हणाली ते अजून कानात आहे. "ताई, त्या दुकानदाराले वाटलं आपले पैसे वाचले. त्याचे वाचलेले पैसे आमच्या घरातून गेले."

तेव्हापासून मी या विषयाकडे नुसती बिलाच्या डोळ्यांनी बघत नाही. मॉन्ट्रियलला करार होतो, दिल्लीत नियम निघतो, कारखाने आपली यंत्रं बदलतात. हे सगळं चांगलंच आहे. पण त्या साखळीची शेवटची कडी म्हणजे सायकलवर किंवा मोटारसायकलवर सिलिंडर बांधून फिरणारा हा पोरगा आणि त्याला दार उघडणारी घरातली बाई. या दोघांना कोणी काही सांगतच नाही. केंद्र सरकारनं मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यात एक लाख मिस्त्रींना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. एचसीएफसी हटवण्याचा जो तिसरा टप्पा २०२३ ते २०३० असा चालू आहे, त्यातही दुरुस्ती करणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर आहे. आमच्या या पोरानंसुद्धा जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचा एक वर्ग केला होता. तिथे त्यानं गॅस परत काढून घेण्याचं यंत्र डोळ्यांनी पाहिलं होतं. "पाहिलं काकू, पण घेऊ कुठून?" हा त्याचा प्रश्न. ते यंत्र त्याच्या ऐपतीबाहेरचं. मग गॅस हवेत सोडण्याशिवाय त्याच्याकडे इलाज नाही.

आणि हवेत सोडणं म्हणजे काय, तेही ऐका. एक किलो आर-२२ हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो जवळजवळ अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आम्ही दोन उन्हाळे जो गॅस भरला आणि गळू दिला, त्याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि अंगणात लावलेली कडुलिंबाची दोन रोपं आठवून गप्प बसले. गंमत बघा, उकाडा वाढतो म्हणून आपण एसी लावतो आणि एसीतला गॅस सुटला की उकाडा वाढतो!

बरं, सरकारनं यंत्रं फुकट वाटावीत असंही मी म्हणत नाही. पण तालुक्याच्या आयटीआयमध्ये गॅस काढून घेण्याचं एक यंत्र, एक व्हॅक्यूम पंप आणि एक वजनकाटा ठेवला आणि गावातल्या मिस्त्रींना तो दिवसाच्या भाड्यानं दिला, तर काय बिघडेल? आपल्या बचत गटांनी शेवयांची यंत्रं, मिरची कांडपाच्या गिरण्या सामाईक चालवल्या आहेतच की. आम्ही तसं निवेदन दिलं आहे. उत्तराची वाट बघतोय.

आता तिसऱ्या वाटेकडे, नव्या यंत्राकडे वळू. आमचे दोन्ही एसी तपासायला आम्ही शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणाहून एका शिकलेल्या मिस्त्रींना बोलावलं. एका यंत्राची बाहेरची जाळी साफ गंजलेली, कॉम्प्रेसर थकलेला. त्याच्यावर खर्च करणं म्हणजे मेलेल्या म्हशीला पेंड घालणं. दुसरं यंत्र मात्र सुदृढ होतं. त्याची गळती निघाली बाहेरच्या खोक्यापाशी नळी जिथे नटानं आवळतात तिथे. नुसता तो एक सांधा! दोन वर्षं आम्ही पैसे ओतले ते त्या एका सांध्यासाठी.

एक एसी नवा घ्यायचं ठरलं, पण मी उन्हाळ्यात घाई करू दिली नाही. आणि ते बरंच झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला. दिवाळीनंतर आम्ही खरेदी केली. दुकानात मी सगळ्यात आधी गॅसचं नाव विचारलं, तर विक्रेता मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. बायका रंग विचारतात, आवाज येतो का विचारतात, गॅस कोणी विचारत नाही म्हणे.

पण तो विचारायलाच हवा. आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही म्हणून एकेकाळी मोठ्या कौतुकानं आला. पण पृथ्वी तापवण्यात तो आर-२२ च्याही वरचढ निघाला, कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडा देशात किगाली इथे मॉन्ट्रियल कराराला नवी जोड दिली गेली. भारतानं २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. त्यानुसार असले वायूही आपल्याला पुढे कमी करत न्यायचे आहेत. २०२८ मध्ये वाढ थांबवायची, २०३२ पासून कपात आणि २०४७ पर्यंत पंचाऐंशी टक्के कमी. हे सांगण्याचं कारण एवढंच, की आज घेतलेला एसी दहा-बारा वर्षं वापरायचा असतो. त्या काळात कोणता गॅस मुबलक राहील आणि कोणता महागेल, याचा अंदाज घेऊन घ्यावा. आजच्या बहुतेक नव्या एसींमध्ये आर-३२ असतो. त्याचा तापवण्याचा आकडा पावणेसातशेच्या आसपास, म्हणजे आर-४१०ए च्या तिसऱ्या हिश्शाइतका. तो किंचित पेटणारा असल्यामुळे शिकलेल्या माणसाकडूनच बसवून घ्यावा. आर-२९० चा आकडा तर तीनच्या आसपास. पण आपल्या गावात त्याची दुरुस्ती करणारा शिकलेला माणूस आहे का, हे विचारूनच तो घ्यावा.

दुसरं, स्टारचं लेबल. त्यावर कोणत्या वर्षांसाठीचे स्टार आहेत तेही छापलेलं असतं. ही फूटपट्टी दर काही वर्षांनी कडक होत जाते. पाच वर्षांपूर्वीचे पाच स्टार आजचे पाच राहत नाहीत. गोदामात पडून राहिलेला जुना माल जुन्या स्टारच्या दिमाखात गळ्यात मारला जाऊ शकतो. त्याच लेबलवर वर्षाला सोळाशे तास चालवल्यास किती युनिट लागतील तो आकडा असतो. दोन यंत्रांचे ते दोन आकडे एकमेकांतून वजा करा, आपल्या बिलातल्या युनिटच्या दरानं गुणा. वर्षाला किती वाचतील ते लगेच कळतं. किमतीतला फरक किती वर्षांत फिटेल, हा हिशेब आपल्याइतका चोख कोण करणार? वाणसामानाची यादी आयुष्यभर आपणच करत आलोय.

तिसरं, जुनी तांब्याची नळी. "आहे तीच वापरू, तेवढेच पैसे वाचतील" असं आम्हालाही सांगण्यात आलं. नव्या गॅसचा दाब जास्त असतो आणि जुन्या नळीत जुनं तेल चिकटलेलं असतं. शक्य असेल तर नळी नवीच घालावी. चार पैसे इथे वाचवून पुढे यंत्र घालवण्यात शहाणपण नाही. आणि बाहेरचं खोकं नवं, आतलं जुनं अशी जोडगोळी तर मुळीच नको.

आता तुम्ही विचाराल, जुन्या मेलेल्या एसीचं काय केलं? भंगारवाला दारात उभाच होता. तो नळी कापतो, गॅस भस्सकन हवेत जातो आणि तांबं घेऊन तो चालू लागतो. आम्ही तसं होऊ दिलं नाही. जिल्ह्याच्या मिस्त्रींकडे गॅस काढून घेण्याचं यंत्र होतं. त्यांनी मेलेल्या एसीतला आर-२२ एका रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, तो त्यांच्या यंत्रातून गाळून घेतला, आणि सांधा दुरुस्त केल्यावर दुसऱ्या एसीत वजन करून भरला. जो गॅस बाजारात महाग आणि दुर्मिळ, तो आमच्याच भिंतीवर होता! मेल्या यंत्रानं जित्या यंत्राला जगवलं. आमचा भाजलेला पोरगा त्या दिवशी मुद्दाम मदतीला आला होता. डाव्या हातानं पाना धरून तो सगळं बघत होता. शेवटी खिशातून मार्कर काढून त्यानं दुरुस्त केलेल्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आर-२२, वजन, तारीख, स्वतःचं नाव.

मैत्रिणींनो, या सगळ्यातून तुम्ही एकच गोष्ट घेतलीत तरी पुरे. एसीवाला आला की बाजूला उभ्या राहा आणि चार प्रश्न विचारा. गळती कुठे आहे, दाखव. पट्टीवर लिहिलेलाच गॅस भरतोयस ना? व्हॅक्यूम केलं का, वजन केलं का? आणि खोक्यावर लिहिलंस का? त्याला राग येईल असं वाटत असेल तर आधी पाण्याचा पेला द्या, मग विचारा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट आपल्या कामाची कदर आहे असं त्याला वाटतं. आणि नीट दीड-दोन तास काम केलं असेल तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. वीस मिनिटांत गॅस भरून जायची सवय त्यांना आपल्या घासाघिशीनंही लावली आहे, हेही कबूल करायला हवं.

यंदा मार्चमध्येच पत्र्यावर आम्ही पांढरा चुना मारून घेतला, पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे शिवले. जेवढी उष्णता आत येणारच नाही, तेवढी बाहेर काढावी लागणार नाही. परवा त्या चिठ्ठीवाल्या एसीचं बटण दाबलं. आमच्या सगळ्यांत मोठ्या आजी, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, पदर सावरत म्हणाल्या, "या वर्षी गॅस भरायचा नाही का गं?"

म्हटलं, "नाही आजी. या वर्षी गळलाच नाही."